मागांच्या आवाजात तोंडी परीक्षा

"कान वर्गात, हात तुमचे."

धाकटीचं हे बोलणं शेडमध्ये सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी म्हणालं, धाकटे, जरा कांड्या भरून दे, कुणी म्हणालं, तेवढा धागा जोड, की ती कानात खुपसलेली वायर बोटानं दाखवायची आणि हे वाक्य ओठांनीच म्हणायची. ओठांनीच, कारण त्या शेडमध्ये आवाजाला कुणी विचारत नव्हतं.

मागाचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. एक माग चालू असला तर माणूस ओरडून बोलतो. चार चालू झाले तर घसा दुखवून घेतो. आणि शेडभर माग लागले, धोटे या टोकापासून त्या टोकाला आपटायला लागले, की माणूस आवाज काढायचंच सोडून देतो. मग शब्द ओठांवर मोठा करून घडवायचा आणि हातांनी समोरच्यापर्यंत पोचवायचा. तळहात खाली दाबला की माग बंद कर. मनगट गोल फिरवलं की चालू कर. दोन बोटं वर केली की दोन मिनिटं थांब. हनुवटीखाली हात फिरवला की मालक आला. मालकाला कधीकाळी दाढी होती. ती त्यानं केव्हाच उतरवली, पण शेडनं काही उतरवली नाही.

धाकटी या भाषेत जन्मली होती. बाप छातीच्या दुखण्यानं लवकर गेला, थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली, आणि आई दिवसभर मागावर. आईच्या मागाशेजारी सुताच्या पोत्यावर ही बसलेली असायची. बोबडं बोलायच्या आधी तिचे हात बोलायला लागले. पुढे घरात ती अखंड बडबड करायची. आई म्हणायची, अगं, भिंतींना तरी विसावा दे. पण खोलीचं दार ओलांडून शेडमध्ये पाय टाकला की आवाज आपोआप बंद आणि हात चालू. कुणी पाण्यात उतरताना श्वास धरतो, तसं ते होतं. श्वास धरला हे काही आठवून धरावं लागत नाही.

त्यांची खोली शेडच्या पाठीला पाठ लावून होती. भिंत एकच. माग चालू असले की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे, आणि खोलीला एकच दार, तेही शेडमध्येच उघडायचं.

अशा घरात एक दिवस बस थांब्यावरची पाटी वाचून धाकटी धावत आली. पाटीवर लिहिलं होतं, घरबसल्या पदवी. खाली चित्र होतं. टेबल, टेबलावर फुलझाडाची कुंडी, समोर संगणक आणि हसणारी एक मुलगी.

आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "घर आहे. बसताही येतं. मग अडलं कुठं?"

"टेबल नाही."

"सुताची पेटी उपडी घालू. कुंडी मात्र तुझी तू बघ."

दोघी हसल्या. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. धाकटीला भूगोल आवडायचा. तिला शाळेत भूगोल शिकवायचा होता. भिंतीवर नकाशा टांगायचा, हातात काठी घ्यायची आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात बोलायचं. कुणाला मोठी खुर्ची हवी असते, कुणाला मोठं घर. या पोरीला मोठ्यानं बोलायची नोकरी हवी होती.

विद्यापीठ बसनं लांब. रोज जायचं म्हटलं तर आईच्या हातावरचं पोट रिकामं राहिलं असतं. म्हणून हे घरबसलं शिक्षण. त्या शिक्षणानं गरिबाला दार उघडलं, असं सगळे म्हणतात. उघडलंही असेल. पण दार उघडून आत बोलावल्यावर पाहुण्याला बसायला जागा आहे का, त्याच्या पायात काय आहे, तो कुठून चालत आला, हे कुणी बघायचं?

घरात फोन एक. तो आईचा, आणि काच तडकलेली. खोलीत रेंज नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर उभं राहिलं तर भरपूर, पण उन्हात फोन तापून आपोआप बंद पडायचा, आणि मग तो पदराच्या सावलीत धरून फुंकर घालत बसावं लागायचं, जसं काही भाजलेल्या मुलाचं बोट आहे. शेडमध्ये मात्र कांड्या भरायचं, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं, यंत्र खिडकीशी होतं आणि त्या खिडकीत रेंज यायची. म्हणून धाकटीनं कांड्यांचं काम पत्करलं. कानात वायर, वायरवरून फडकं घट्ट आवळलेलं, फोन खिडकीच्या गजाला सुतानं बांधलेला, आणि हात कांड्यांवर. मॅडम बोलायच्या ते निम्मं कानांनी ऐकायचं आणि निम्मं त्यांच्या ओठांवरून उचलायचं. बाकीची मुलं मॅडमचा आवाज ऐकत होती, ही मॅडमचं तोंड वाचत होती. महिन्याच्या शेवटी नेट संपायचं तेव्हा मॅडमचं तोंड अर्ध्या शब्दावर थिजून राहायचं. धाकटी म्हणायची, "आई, आज मॅडम 'ज्वाला' म्हणून थांबल्या. पुढे 'मुखी' असणार म्हणून मी लिहून टाकलं."

आता पहिल्या दिवसाचं ऐका. मॅडमनी हजेरी घेतली. हिचं नाव आलं तशी हिनं माइक उघडला आणि म्हणाली, हजर. ते 'हजर' कुणाला ऐकू आलं असेल? सगळ्यांच्या कानात शेड शिरली.

मॅडम दचकून म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे काय कारखाना चालू आहे का?"

"हो मॅडम," धाकटी खिडकीच्या गजाशी तोंड नेऊन ओरडली.

पडद्यावरच्या त्या चौकोनांत सगळी तोंडं हसली. त्यांना वाटलं, पोरगी विनोदी आहे. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "माइक बंद ठेवा तुमचा. कायमचा."

वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. पण हेतू चांगला ठेवून गळा आवळला तर काय तो सैल राहतो? पोरीनं सांगितलं ते ऐकलं. वर्षभर माइक बंद ठेवला. प्रश्न सुचले ते मनात ठेवले. लिहून पाठवावेत तर हात कांड्यांत अडकलेले. आणि वर्ष संपताना गुण आले तेव्हा त्यात एक रकाना होता, वर्गातील सहभाग. त्याच्यापुढे मॅडमनी लिहिलं होतं, बोलत नाही.

आईनं ते दोनदा वाचून घेतलं. "गप्प बस म्हणून यांनीच सांगितलं ना?"

"हो."

"आणि गप्प बसली म्हणून गुण यांनीच कापले?"

"हो."

"अशी सासू मला मिळाली असती तर मी कुठली टिकते," आई म्हणाली. पण तिचा हात त्या रात्री जेवताना थांबून थांबून चालत होता.

धाकटीनं विद्यापीठाला विचारून पाहिलं होतं, की आमच्या गावाजवळ तुमचं एखादं केंद्र, एखादी खोली, वाचनालयाचा कोपरा, जिथे परीक्षेपुरतं बसता येईल असं काही आहे का. उत्तर आलं, हा अभ्यासक्रम घरूनच करायचा आहे, म्हणून तर तो ऑनलाइन आहे. किती सोपं. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला सांगावं, पोट तुझंच आहे, म्हणून तर तुझ्याकडे दिलं.

अशी वर्षं निघाली. शेवटच्या वर्षाचे लेखी पेपर झाले, निभावले. तोंडी परीक्षा तेवढी राहिली. ती पार पडली की पदवी. तिचे नियम आले ते धाकटीनं आईला वाचून दाखवले. परीक्षार्थी खोलीत एकटा हवा. खोलीचं दार कॅमेऱ्यात सतत दिसायला हवं, कुणी आत आलं तर कळावं म्हणून. चेहऱ्यावर उजेड हवा. आजूबाजूला आवाज नको. नोंदवलेल्या पत्त्यावरूनच बसायचं, दुसऱ्याच्या घरून नाही.

आई म्हणाली, "एकटं? आपल्याकडे माणूस एकटा कधी असतो गं? मोरीत असताना सुद्धा कुणीतरी बाहेरून दार वाजवत असतं."

"हसू नकोस, आई. यावेळी माइक उघडा ठेवायचा आहे."

तेव्हा आई गंभीर झाली. ती जॉबरकाकाकडे गेली. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. शेडमधल्या सगळ्या यंत्रांची नाडी त्याच्या हातात, आणि मेन स्विचही. त्यानं हातातला पाना खाली ठेवून सगळं ऐकलं आणि विचारलं, "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास धर."

"अर्धा तास माग बंद ठेवले तर मालक माझं कापड विणेल."

"तो येत नाही सकाळी."

"येत नाही म्हणूनच येईल. तुला माहीत नाही त्याचा स्वभाव." पण मग त्यानं मान वळवून कांड्यांच्या खिडकीकडे पाहिलं. सुतानं बांधलेला फोन लोंबत होता. "मेनमध्ये बिघाड झाला असं सांगतो. बायांना विचार, त्यांचं कापड कमी भरेल."

बायांनी एका खुणेत होकार दिला. एकीनं तर वर जोडलं, की अर्धा तास कान ऐकतील तरी, म्हणजे नवरा खरंच बोलतो का नुसता तोंड हलवतो हे घरी गेल्यावर तपासता येईल.

परीक्षेच्या सकाळी जॉबरकाकानं मेन खाली ओढला. माग एकेक करून थांबले. आणि अशी शांतता पडली की बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला खोकलासुद्धा मोठा वाटायला लागला. खोलीत धाकटी पेटीसमोर बसली, केस नीट विंचरून, थोरलीची साडी नेसून. फोन डब्याला टेकवून ठेवला. खोलीत रेंज नाही, म्हणून जॉबरकाकानं आपला फोन कांड्यांच्या खिडकीत बांधून त्याचं नेट हिच्या फोनला जोडून दिलं होतं. मॅडमचं तोंड आलं.

आणि पहिलंच वाक्य, "तुमच्या खोलीत अंधार आहे. चेहरा दिसत नाही."

मेन ओढला तर खोलीतला दिवाही जाणारच. हे ना जॉबरला सुचलं होतं, ना आईला. आता काय करायचं? खोलीला खिडकी नाही. धाकटी उठली आणि दार सताड उघडलं. शेडच्या छपरात काचा होत्या, त्यातून उतरलेला उजेड तिरपा होऊन तिच्या गालावर आला. दार कॅमेऱ्यात दिसत होतं, नियमाप्रमाणे. दाराबाहेर शेड दिसत होती, आणि उंबऱ्यापलीकडे पाठ करून उभी असलेली आई, कुणी आत येऊ नये म्हणून राखण करणारी.

प्रश्नोत्तरं चालू झाली. आई कान देऊन ऐकत होती. डाव्या कानानं तिला कमी येतं, मागांनी खाल्लाय तो. तिनं उजवा कान दाराकडे केला. आपल्या मुलीचा परीक्षेतला आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. स्वच्छ, ठाम, कुठे अडखळ नाही. अर्थ तिला कळत नव्हता. पण चांगल्या मागाचा ठेका कळायला कापड कुणाचं आहे हे माहीत असावं लागत नाही. बायाही ऐकत होत्या. कुणी हलत नव्हतं.

मॅडमनी शेवटचं विचारलं, "नदी वळणं का घेते, सांगा."

धाकटी सांगायला लागली. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरानं वाहतं, तो काठ कापला जातो. आतल्या काठाला पाणी संथ होतं...

तेवढ्यात शेडच्या टोकाच्या दारात मालक उभा राहिला.

कुणीतरी हनुवटीखाली हात फिरवला. जॉबरकाका मेनजवळ पाना घेऊन उभा होता, बिघाड शोधत असल्यासारखा. मालक थेट तिथे गेला, त्याला बाजूला सारलं आणि स्विच वर केला. खोलीतला दिवा लागला. माग सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळे.

आईचे हात वर गेले. तिला विचार करायलाही वेळ मिळाला नाही. शेडच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या जॉबरला तिनं तळहात दाबून दाखवला, बंद कर. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. तिनं पुन्हा दाबला. मग दोन बोटं वर केली, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं. जॉबरनं डोळ्यांनीच मालकाकडे दाखवलं.

थोड्या वेळानं धाकटी बाहेर आली. चेहरा फुललेला. आईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्या गदारोळात ओठांनी म्हणाली, सगळं सांगितलं. एकही चुकलं नाही.

आईनं सगळ्या बायांना खुणेनं कळवलं. शेडनं मागांवरूनच टाळ्या वाजवल्या. त्या ऐकू कुणाला आल्या नाहीत, दिसल्या.

आठवड्यानं विद्यापीठाचा निरोप आला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या व्यक्तीकडून खुणांद्वारे मदत घेतल्याचं आढळलं आहे. चौकशीसाठी पालकासह हजर राहावं.

धाकटी तो निरोप परत परत वाचत राहिली. "कुणाकडून मदत, आई? तिथे होतं कोण?"

आईनं आपले हात पदराखाली घेतले. तिथे तीच होती.

घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाला चौकशीसाठी मात्र माणसं समोर लागली. आईनं पाळी सोडली, दोघी बसनं गेल्या. मोठी इमारत, दगडी पायऱ्या, लांब व्हरांडे, आणि व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. आई चालता चालता दारांतून आत बघत होती. एका खोलीत कुणी नाही. दुसरीत कुणी नाही. तिसरीत टेबलं, खुर्च्या, पंखा, भिंतीवर नकाशा, आणि कुणी नाही. ती थांबली.

"या कशासाठी ठेवल्यात?" तिनं विचारलं.

धाकटीनं तिचा हात धरून पुढे नेलं.

विभागप्रमुख खुर्चीत होते. सभ्य माणूस, चहा विचारला. बाजूला त्या मॅडम. पडद्यावरच्यापेक्षा लहानखुऱ्या दिसत होत्या, थकलेल्याही. प्रमुखांनी टेबलावरचा पडदा दोघींकडे वळवला आणि परीक्षेचं चित्रण लावलं.

आधी धाकटीचा आवाज आला. बाहेरच्या काठाला पाणी जोरानं वाहतं. मग एकदम खर्रर्र झालं आणि फोननं तो मागांचा आवाज स्वतःच गिळला. चित्रात पोरीचे ओठ हलत होते. मोठे मोठे, शब्द घडवणारे. हात वर आले होते. एका हातानं ती काठ कोरत होती, दुसऱ्या हातानं गाळ खाली ठेवत होती, आणि दोन्ही हातांनी मिळून नदीला वळवत होती. आवाज नाही. आणि तिच्या खांद्यामागे, उघड्या दारात, एका बाईचा उंचावलेला हात. तळहात खाली. पुन्हा खाली. दोन बोटं.

धाकटी पांढरी पडली. तिनं आईकडे पाहिलं. आईला सगळं कळलं होतं. दार उघडं, म्हणजे खोलीचीही शेडच झाली होती, आणि पोरगी शेडच्या भाषेत बोलली होती. माग सुरू झाले त्या क्षणी तिचा आवाज आत गेला आणि हात बाहेर आले, जसे जन्मभर येत होते. तिला कळलंही नव्हतं. उत्तर दिलं होतं तिनं, पुरतं दिलं होतं. फक्त ज्या भाषेत दिलं ती भाषा या इमारतीत कुणाला येत नव्हती.

"ही बाई कोण?" प्रमुखांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"तुम्ही हातानं काय सांगत होता?"

"माग बंद कर, म्हणून. आमच्या जॉबरला. आणि दोन मिनिटं थांब, म्हणून."

"मुलीला नाही?"

"तिच्याकडे माझी पाठ आहे, साहेब. बघा ना चित्रात."

"पण मुलगीही खुणा करते आहे."

"ती बोलतेय. आमच्याकडे माग चालू असले की असंच बोलतात."

प्रमुख चष्मा पुसायला लागले. "असं बघा, खुणांचा अर्थ काय होता हे आम्ही कसं ठरवायचं? दिसतं ते एवढंच, की परीक्षार्थी खुणा करते आहे, मागून खुणा येत आहेत."

आई हसली. तिला हसायचं नव्हतं, पण आलं. "साहेब, नदी वळण का घेते हे मला सांगता आलं असतं तर मी मागावर उभी राहिले असते का? नदी मी बसच्या खिडकीतून बघितली आहे. तेवढीच."

मॅडमनी मान खाली घातली. प्रमुखांनी एक कागद पुढे सरकवला. आवाजात माया होती. "हे बघा, मुलीचं नुकसान व्हावं असं आम्हाला वाटत नाही. चूक कबूल करून माफी लिहून द्या. मजकूर तयार आहे. आईच्या खुणांद्वारे मदत घेतली, पुन्हा होणार नाही. सही केली की तोंडी परीक्षा परत घेऊ. नाही तर नियमानं वर्ष रद्द होतं आणि शेरा राहतो."

आईला ते सोपं वाटलं. खरंच वाटलं. ती धाकटीच्या कानाशी वाकली. "कर सही. शब्दच आहेत. मला काय लागतंय त्यात? माझं नाव कुठे कुणाला माहीत आहे."

धाकटीनं कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "मी दुसरं लिहून देते. माझा आवाज बंद झाला, असं लिहून देते. ते खरं आहे."

"मजकूर बदलता येत नाही."

"मग आत्ता विचारा. मी समोर आहे. आई बाहेर जाईल. इथे माग नाहीत."

प्रमुख म्हणाले, "परीक्षा ऑनलाइनच घ्यावी लागते."

"मी व्हरांड्यात बसते. तुम्ही इथून फोन लावा."

"नोंदवलेल्या पत्त्यावरून," प्रमुख म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते ऐकून कसंसं झालं असावं, कारण त्यांनी लगेच पुढचं जोडलं. "हे बघ मुली, तुझ्या एकटीसाठी नियम वाकवला तर उद्या तुमच्यासारखे सगळेच इथे येऊन बसतील."



आईच्या मनात ते वाक्य फिरत राहिलं. तुमच्यासारखे सगळेच इथे येऊन बसतील. मग बसू देत की. त्या रिकाम्या खोल्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या, तो पंखा, तो नकाशा. इतकी वर्षं तापलेल्या शिडीवर उभी राहिलेली पोर आठवली. फोनला फुंकर घालणारी, कानावर फडकं आवळणारी. गप्प बस म्हटलं, बसली. का बोलत नाहीस म्हटलं, ऐकून घेतलं. उजेड नाही म्हटलं तर दार उघडलं, आणि दार उघडलं तर त्या दारातून आपला हात दिसला म्हणून तिला चोर ठरवलं. माया दाखवून, चहा विचारून.

आईनं तो कागद उचलला, पालथा केला आणि प्रमुखांच्या पुढे ठेवला. "नाही करणार ती सही," ती म्हणाली. "माझ्या हातांनी लुगडी विणली, पोरी वाढवल्या. चोरी नाही केली. ते लिहून देणार नाही आम्ही."

प्रमुख म्हणाले, "मग वर्ष जाईल. विचार करा."

"केला," धाकटी म्हणाली.

दोघी बाहेर आल्या. जिन्याशी पोचतात तोवर मागून पावलं वाजली. मॅडम होत्या. धापा टाकत म्हणाल्या, "कर ना गं सही. मी स्वतः परीक्षा घेईन. चांगले गुण देईन तुला. खरंच सांगते."

धाकटीनं विचारलं, "मॅडम, उत्तर बरोबर होतं का?"

"ऐकू आलं तिथपर्यंत बरोबर होतं."

"आणि पुढचं? हात बघितलेत ना माझे. काठ कसा कापला, गाळ कुठे ठेवला?"

मॅडमची नजर तिच्या हातांकडे गेली. त्यांनी बघितलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला ती नदी ओळखू आली नसेल असं कसं म्हणायचं?

"मग तेवढं लिहून द्या," धाकटी म्हणाली. "बरोबर होतं, एवढंच."

"माझ्या एकटीच्या हातात नाही गं ते."

"माझ्याही नव्हतं, मॅडम. पण जाब विचारायला मला बोलावलंत ना."

मॅडम परत वळल्या. माघारी जाताना त्यांची पावलं येतानापेक्षा हळू वाजत होती.

आवारात ऊन रणरणत होतं. दोघी फाटकापर्यंत आल्या. फाटकाशी पहारेकरी स्टुलावर बसला होता. बस यायला वेळ होता, आणि आईची दुपारची पाळी चुकत होती. धाकटीनं पिशवीतून फोन काढला आणि आईच्या हातात दिला.

"तू जा," ती म्हणाली. "मी थांबते."

"थांबून काय करशील?"

"बसेन. त्यांच्या दारासमोर बाक आहे. आज नाही विचारलं तर उद्या येईन. उद्या नाही विचारलं तर परवा. समोर बसलेल्या माणसाला किती दिवस म्हणतील, की तू इथे नाहीस?"

"आणि हाकललं तर?"

"तर काय म्हणून हाकललं ते मोठ्यानं विचारेन. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं."

आईला पुष्कळ बोलायचं होतं. कांड्या कोण भरणार, रोजची बस कशी जमायची, खाशील काय. यातलं काहीच तिनं विचारलं नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली, पदरानं तिचा घामेजला गाल पुसला. "केस बांध नीट," म्हणाली.

धाकटीनं केस बांधले, साडीचा पदर खोचला आणि वळली. आवार ओलांडून ती चालायला लागली, घाई न करता, रस्त्याच्या मधून. पहारेकरी स्टुलावरून उठला. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, मग आईकडे पाहिलं, आणि नुसताच उभा राहिला. वरच्या मजल्यावर एका खिडकीत मॅडम होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

रस्त्यावर बस आली, थांबली, दार उघडलं. कंडक्टरनं विचारलं, यायचं का मावशी. आई फाटकाचा गज धरून तशीच उभी होती. पोरगी दगडी पायऱ्या चढली आणि आत गेली.

बस निघून गेली तरी आई तिकडेच बघत होती.